‘किंवा समतुल्य’ हा शेरा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (यांत्रिकी),
शासकीय वाहन दुरुस्ती कक्ष, धाराशिव.

विषय : नळदुर्ग रुग्णवाहिकेच्या ब्रेकच्या भागांवरील ‘किंवा समतुल्य’ हा शेरा आपल्या सहीपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराची परवाची टिपणी. २) अर्जदाराचा पुढचा दात.

महोदय,

१. अर्जदार सिद्धलिंग माळगे, भांडार लिपिक, सविनय कळवितो की, मूळ कंपनीच्या भागापुढे ‘किंवा समतुल्य’ लिहिण्यात त्याची सव्वीस वर्षे सेवा झाली आहे. मुलाच्या लग्नपत्रिकेत हे शब्द घालायचे तेवढे राहिले.

२. गतवर्षी अर्जदाराने दाताचे इम्प्लांट केले. हाडातला खुंट एका कंपनीचा. त्यावर दात धरणारा जोडभाग तिचाच घ्यावा की दुसरीचा, असा प्रश्न आला. अर्जदाराने सवयीने तुलनात्मक तक्ता केला : रंग समान, आकार समान, चकाकी दुसऱ्याची सरस. दंतवैद्य डॉ. अक्षरा यांनी बजावले, “काका, बसलं म्हणजे जुळलं असं नसतंय. दुसऱ्या कंपनीचेही चांगले असतात, पण ह्याच खुंटावर तपासल्याचा कागद दाखवा.” जन्मभर लोकांना कागद मागणाऱ्या अर्जदाराने तो मागितला नाही व दुसऱ्या कंपनीचा भाग दुसऱ्या दवाखान्यात बसवून घेतला.

३. पुढचे आपण जाणताच. परवा दुपारच्या बैठकीत काटकसरीचे महत्त्व सांगताना, ‘समतुल्य’ म्हणता म्हणता दात निखळून आपल्या चहात पडला. त्याबद्दल दिलगीर आहे. खुंट व जोडभाग यांतली फट केसाहून बारीक होती, तेवढ्याने आतला स्क्रू तुटला, असे काल तपासणीत कळले.

४. परवाच सकाळी, बैठकीपूर्वी, ब्रेकच्या भागांवर हाच शेरा मारून अर्जदाराने टिपणी आपल्या मेजावर ठेवली होती. भाग चाकाला बसतात, एवढेच पाहिले होते. चालक बब्रुवान म्हणाले, “साहेब, उभ्या गाडीत समदेच ब्रेक लागतेत.” अर्जदार तेव्हा हसला होता.

५. ही उपरती लोकहितार्थ आहे, असा दावा नाही. सून समृद्धी पहिल्या बाळंतपणासाठी नळदुर्गला माहेरी असून दिवस भरत आले आहेत. फोन गेला की हीच गाडी जाणार, म्हणून अर्जदार घाबरला आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या सुना याच रस्त्याने आल्या, तेव्हा तो घाबरला नाही, याची त्याला लाज वाटते.

तरी टिपणी परत द्यावी. भाग मूळ कंपनीचे किंवा याच गाडीवर तपासल्याचा दाखला असलेले घ्यावेत. तोवर दुसरी गाडी ठेवावी. खुलासा सवडीने मागवावा, अर्जदार कुठे पळत नाही.

आपला नम्र व तूर्त बोबडा,
सि. गु. माळगे
धाराशिव, दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : दाताचा तुलनात्मक तक्ता, एक प्रत. (त्यात ‘कोणी तपासले’ हा रकानाच नाही.)