सहाची घंटा, सव्वासहाची गाडी

सोमवार, ४ नोव्हेंबर १८८९

छत्री मोडली. नवी छत्री! पोपटच्या टांग्याचं चाक इतक्या जवळून गेलं की छत्री हातातून उडाली आणि थेट गटारात. मी ओरडलो. टांगा थांबवणं दूरच, मागे वळून म्हणतो, "हातभर जागा सोडलेली ना, रावसाहेब!" हातभर म्हणे. हात कोणाचा मोजायचा, ते नाही सांगितलं.

ठाणे स्टेशनापासून कचेरी मैलभर. सकाळी कल्याणहून येऊन उतरायचं नि चालत जायचं, संध्याकाळी चालत परत यायचं. कचेरीत नकला लिहायला लागल्याला चौदा वर्षं झाली, म्हणजे हा रस्ता मी चौदा वर्षं तुडवतो आहे. पूर्वी या रस्त्यावर बैलगाड्या असत. बैल माणूस बघून बाजूला तरी होतो.

रस्ते-कमिटीला अर्ज करायचा. ठरलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

अर्जाचा कागद आणला. लिहायला वेळ नाही. संध्याकाळी पुन्हा पोपट, पुन्हा तसाच!

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज मुद्दाम स्टेशनाबाहेर दहा मिनिटं उभा राहून पाहिलं. सगळी मेख रांगेत आहे. जो टांगा स्टेशनावर आधी पोचतो तो रांगेत पहिला, आणि गाडीतून उतरलेलं पहिलं गिऱ्हाईक त्याचं. म्हणून उतारू घेऊन जाताना धाव, सोडून येताना त्याहून धाव. मधे माणूस आला तर "हो बाजू!" एवढं ओरडलं की यांचं कर्तव्य संपलं. आजारी माणूस, पोटुशी बाई, डोक्यावर पाटी असलेली — सगळ्यांनी उड्या मारायच्या.

आणि आत बसलेले! काल आमच्याच कचेरीतले एक गृहस्थ टांग्यातून जाताना मला हात करून हसले. माझ्या धोतरावर चिखल उडाला तो त्यांना दिसला नसेल. पायी चालताना हेच गृहस्थ टांगेवाल्यांच्या नावाने बोटं मोडतात.

घरी हे सगळं सांगितलं. आमचं कुटुंब म्हणालं, "एकदाचा अर्ज लिहून टाका. रोज संध्याकाळी तो रस्ता आमच्या माजघरातून जातो."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

अर्जात देवळाजवळच्या चौकाचं कलम स्वतंत्र घातलं पाहिजे. खरा धोका तिथे आहे.

संध्याकाळी सहाला ख्रिस्ती लोकांच्या देवळात प्रार्थनेची घंटा होते. बाळकुम गावाकडची ख्रिस्ती माणसं त्या वेळी बाजार आटोपून घरी निघालेली असतात. घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थांबतो. पाटी खाली, मान खाली, डोळे मिटलेले. मग तो रस्त्याच्या कडेला असो की मधोमध. आणि सव्वासहाला कल्याणची गाडी! म्हणजे टांगे चौखूर सुटतात ती वेळ नेमकी हीच.

सेसिलिया म्हणून एक बाई आहे, बाळकुमची. तांबडं लुगडं, आवाज खणखणीत. मी रोज तिच्याकडून मुळा नाही तर माठ घेऊन जातो. आज तिला म्हटलं, "अगं, जरा कडेला होऊन प्रार्थना केली तर देव रागावेल का?" ती म्हणाली, "घंटा जाली का पाय उचलायचा नाय, रावसाहेब. माझी आय थांबायची, तिची आय थांबायची. तू तुज्या टांगेवाल्यांना सांग."

माझे टांगेवाले! जसे काही मीच ते पाळलेले आहेत.

शनिवार, ९ नोव्हेंबर

अर्ज पुरा झाला. सहा कलमं. शेवटचं कलम असं — "एखाद्या पादचाऱ्यास इजा करणाऱ्या टांगेवाल्याचा परवान्याचा बिल्ला कायमचा काढून घ्यावा, म्हणजे इतरांस अद्दल घडेल." दोनदा वाचलं. सौम्य करावं का, असं वाटलं. नाही केलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अन्याय नको, म्हणून हेही लिहून ठेवतो. सगळे टांगेवाले पोपटसारखे नाहीत. एक गुणाजी आहे. पन्नाशीचा, किडकिडीत, पांढऱ्या घोडीशी सारखं काहीतरी पुटपुटणारा. मला उशीर होतो तेव्हा मी त्याच्याच टांग्यात बसतो. चौकात घंटा झाली की हा लगाम ओढतो आणि लोकांची प्रार्थना संपेपर्यंत थांबतो. स्वतः ख्रिस्ती नाही. मागचे टांगेवाले शिव्या देतात, हा ढिम्म.

आज त्याला कारण विचारलं. म्हणाला, "त्यांना घाई नाय, आपल्याला हाय. मंग थांबायचं कोनी? आपनच." सगळ्या ठाण्यात एवढी अक्कल एकाच माणसाला असावी!

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

रस्ते-कमिटीपुढे अर्ज वाचला गेला. सभा धर्मशाळेच्या ओसरीत. मला दरवाजाजवळ उभं केलं. अर्ज संपल्यावर अध्यक्ष काय म्हणाले असतील? "अक्षर फार सुरेख आहे." कमिटीचे चिटणीस दौलतराव यांनी तो कागद सगळ्यांकडे फिरवला. सगळ्यांनी माना डोलवल्या. अक्षराला!

ठराव दोन. चौकात पाटी लावायची — "टांगे सावकाश हाकावे." टांगेवाल्यांतल्या एकालाही वाचता येत नाही, असं मी म्हटलं, तर "हळूहळू येईल" असं उत्तर मिळालं. दुसरा ठराव म्हणजे माझं शेवटचं कलम, जसंच्या तसं. जो पहिला सापडेल त्याचा बिल्ला जाणार. पोलीस उभा करा, टांग्यांची रांग बदला, ही खरी कामाची कलमं मात्र "पुढे विचारार्थ".

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पाटी लागली. पोपटने तिलाच टांगा टेकवून घोड्याला चंदी घातली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

अपघात झाला. सेसिलिया.

कचेरीत एका दाव्याची नक्कल आजच हवी म्हणून अडकलो. निघेपर्यंत सहाला दहा मिनिटं कमी. सव्वासहाची चुकली की पुढच्या गाडीपर्यंत दोन तास बाकावर बसायचं. गुणाजी दिसला, बसलो, पुढे त्याच्या शेजारीच. चौकात आलो आणि घंटा झाली. लोक थांबले. नेहमीसारखे, जिथल्या तिथे. डाव्या कडेला थोडी वाट मोकळी होती, तिथून टांगा घुसला. घोडी बिचकली, चाक कडेला सरकलं. सेसिलिया तिथेच उभी होती. डोळे मिटून.

मांडीचं हाड मोडलं आहे. फळीवर घालून दवाखान्यात नेली. किंचाळली नाही. पाटीतले उरलेले मुळे रस्त्यावर पडले होते, ते कोणीतरी गोळा करून तिच्यासोबत पाठवले. गुणाजी तिच्या उशाशी बसून होता. घोडीकडे बघायलाही कोणी नव्हतं.

मी पुढच्या गाडीने आलो. जेवलो नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

राग आवरत नाही. वर्षानुवर्षं थांबणारा माणूस, तो कालच का नाही थांबला? लगाम कोणाच्या हातात होता? टांगा हाकायचा, तर हाकणाऱ्याने आपली अक्कल जागी ठेवायला नको? शेवटी सगळे टांगेवाले एकाच माळेचे मणी. मी उगाच त्याला वेगळा काढला होता.

शनिवार, २३ नोव्हेंबर

कचेरीत सगळे येऊन पाठ थोपटून जातात. "तुमचा अर्ज खरा ठरला." "तुम्हाला आधीच दिसलं होतं." जणू मी एखादं भविष्य वर्तवलं! शेजारी बसणारा पंढरी तेवढा म्हणाला, "तुम्ही तर पुढेच बसला होतात. म्हातारा घंटा ऐकूनही थांबला नाही?" मी म्हटलं, तू तुझी नक्कल पुरी कर.

आज मुळा आणला नाही. दुसऱ्या कोणाकडून घ्यावासा वाटला नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कमिटीची चिठी आली. गुरुवारी चौकशी. मला साक्षीला बोलावलं आहे — "अर्जदार व प्रत्यक्ष पाहणारे" म्हणून.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

कुटुंब विचारत होतं, "झोपेत कोणाशी भांडता?" म्हटलं, टांगेवाल्यांशी.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

चौकशी झाली. पाव तासात.

गुणाजी धुतलेला सदरा घालून आला होता. हात जोडून उभा. अध्यक्षांनी विचारलं, काय झालं? "माजी चूक जाली. लगाम माज्या हातात व्हता." वीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं ना? "नाय." मग त्या दिवशीच कसं झालं? तो दंडावरचा बिल्ला चाचपू लागला. दौलतरावांनी विचारलं, घाई कसली होती, उतारू काही म्हणाले का? गुणाजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "रावसाहेब भला मानूस. चालनाऱ्यांच्यासाठी अर्ज केलाय त्यांनी. ते कशाला काय बोलतील?"

मग मला विचारलं. मी सांगितलं — घंटा झाली होती, लोक उभे होते, टांगा कडेने गेला, अंधारून आलं होतं. हे सगळं खरं आहे. एकही शब्द खोटा नाही. अध्यक्ष म्हणाले, "साक्ष अगदी तुमच्या अक्षरासारखी आहे, स्वच्छ." लोक हसले.

बिल्ला कायमचा रद्द. गुणाजीने तो स्वतःच दंडावरून सोडला आणि दौलतरावांपुढे ठेवला. गाठ सुटत नव्हती, म्हणून शेवटी दातांनी सोडवली. अपील कोणाला करायचं असेल किंवा साक्षीत काही सुधारायचं असेल, तर सोमवारच्या सभेपर्यंत. त्यानंतर ठराव पक्का.

बाहेर टांगेवाले जमले होते. पोपट माझ्या वाटेत उभा राहिला. वाटलं, आता हा भांडणार. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आमच्यात एक थांबनारा व्हता, रावसाहेब. तुमच्या अर्जानं नेमका त्योच काढला."

मला याचा इतका संताप आला की स्टेशन येईपर्यंत मी स्वतःशीच वाद घालत होतो. अर्ज चुकीचा होता का? नव्हता! एक तरी कलम चुकीचं होतं का?

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

टांगे कालच्यापेक्षा जोरात. अद्दल घडली म्हणायची!

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी स्टेशन रस्त्यावर गुणाजी दिसला, पायी. डोक्यावर गवताचा भारा. घोडी विकायची नाही म्हणतो, गिऱ्हाईक आलं होतं ते परत पाठवलं. मग तिला खाऊ घालायचं तर हमाली करायची. मागून पोपटचा टांगा आला तसा गुणाजी भाऱ्यासकट गटाराच्या काठावर सरकला. पोपटने टांगा हळू केला, हे मी प्रथमच पाहिलं.

गुणाजीने मला रामराम केला. नेहमीसारखाच. मला वाटलं होतं तोंड फिरवील. फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला विचारलं, "अपील करणार नाहीस का?" तो म्हणाला, "काय सांगू त्यात, रावसाहेब?" आणि थांबला. मला गाडीची घाई नव्हती, सकाळची वेळ होती, कचेरीला अजून अवकाश होता. तरी मी म्हणालो, "उशीर होतोय," आणि चालू लागलो.

रविवार, १ डिसेंबर

घरात बसवेना. बाळकुमला गेलो.

सेसिलिया खाटेवर, मांडीला फळ्या बांधलेल्या. "बस, रावसाहेब," म्हणाली. मी म्हटलं, ज्याने हे केलं त्याला शिक्षा झाली. ती म्हणाली, "गुणाजीनं घोडी थांबवलेली. माजं डोलं मिटलेलं, पन टापा थांबल्या त्या मी ऐकल्या. मंग कोन बोलला, आज थांबू नको, कडेनं हाक, गाडी चुकेल. तो आवाज मना ठाव हाय."

कोणाला सांगितलंस का, असं मी विचारलं.

"नाय. तूच सांगशील म्हनून वाट बघतंय."

ते वाक्य मी २१ तारखेच्या पानावर लिहिलं नव्हतं. उद्या सोमवार. कमिटी अकराला बसते.