नमुना म्हणून बसलो त्याची हकीकत

मुरबाड, ता. ९ नोव्हेंबर १९३८

तीर्थस्वरूप सौ. भागीरथीताईस,

धाकट्या काळूरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तिकडे पुण्यास दाजींचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. (नसल्यास आईनं अडुळसा वाळवून ठेवलाय, पाठवतो.) मी कॉलेज सोडल्यापासून दाजी माझ्याशी बोलत नाहीत, तरी त्यांच्या खोकल्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

पत्रास कारण असं. भाताच्या गिरणीवाल्या देवजीकाकांची सुंदरा तुला आठवत असेल. ती पुण्यात मुलींच्या वसतिगृहात राहून इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली ती परत जायचं नाव काढीना. काकांनी रागावून पाहिलं, ताराकाकूंनी रडून पाहिलं, शेवटी मला बोलावणं आलं. मला वाटलं, शिकलेला माणूस म्हणून सल्ल्याला बोलावलंय. घडीचा सदरा घालून गेलो. ओसरीवर टेकलो तर काका म्हणाले, "तू काय बोलू नको रे काळ्या. नुसता बस. कालेज सोडलं म्हंजे माणसाचं काय होतं ते तिला बघू दे."

ताई, माझा स्वभाव तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाची ओसरी असती तर मी तिथून नुसता उठलो नसतो. पण आतून चहा घेऊन सुंदराच आली, म्हणून बसलो. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "याचं काय वाईट झालंय? दोन वेळा जेवतो, चार वेळा भांडतो. मला नाय जायचं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नमुना म्हणूनही नापास झालो.

वर ती मलाच म्हणाली, "तू मुंबईला मेसच्या भातावरून रेक्टरसमोर ताट भिरकावलंस नि निघून आलास. तुला कोण भित्रा म्हणालं? मग मलाच का म्हणतील?" आता ही ताटाची गोष्ट मी गावात दहा महिने सांगतोय. (शेवटच्या खेपेला ताट रेक्टरांच्या टोपीला लागलं होतं.) मी नुसतं "बरोबर आहे" म्हणालो असतो तर ती इथंच राहिली असती, त्या गिरणीत, जिच्यासमोरून मी दिवसातून तीनदा काही काम नसताना जातो. ते दोन शब्द तोंडात घोळवले. पण तिचा चेहरा पाहिला नि ओळखीचा वाटला. वसतिगृहाच्या आरशात तोच मला दिसायचा.

म्हणून सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. ताट कुणी भिरकावलं नाही. भात बरा होता, मी दोनदा घ्यायचो. पहिल्या वर्षी सगळे विचारतात, करमतं का, जेवलास का. बी.ए.च्या पोरांना प्रोफेसर चहाला बोलावतात. इंटरचा पोरगा रुळलाय असं सगळे धरून चालतात. रविवारी फाटकावर पाहुणे यायचे, शिपाई नावं पुकारायचा. जूनपासून पौषापर्यंत माझं नाव एकदाही आलं नाही. तेव्हा एका रविवारी वळकटी बांधली आणि कल्याणपर्यंत रडत आलो.

मग सुंदरा म्हणाली, "मेल्या, आमाला ताट खरं वाटत होतं." हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "कुणी एकानं हाक मारली असती तर राहिला असतास?" मी हो म्हणालो. परवा सोमवारच्या मोटारीनं ती गेली. ट्रंक स्टँडवर मीच पोचवली. गावात माझी अब्रू मात्र गेली. मोटारीचा क्लीनर गोमा आता मला 'दोनदा भात' म्हणून हाक मारतो.

दाजींना नमस्कार (ते घेणार असतील तर).

तुझा
काळूराम

ता.क. वसतिगृहात पालक म्हणून ज्यांचं नाव लिहिलेलं असेल त्यांच्याच घरी मुलीला रविवारी सोडतात. सुंदराच्या नावापुढची जागा कोरी आहे. देवजीकाकांची चिठ्ठी सोबत आहे, ती दाखवून तुझं नाव लिहून ये. आणि दर रविवारी फाटकावर जाऊन तिला हाक मार. मोठ्यानं.

ता.क. दुसरा. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस. तिला तांदळाची भाकरी आणि सुकट आवडते. दाजींना वास सोसत नाही, त्यांना फिरायला पाठव.

ता.क. तिसरा. पुण्याच्या कॉलेजचा इंटरचा फॉर्म मागवलाय. जूनमध्ये मीही तिथल्या वसतिगृहात असेन. (दाजींना सावकाश सांग.) आम्हां दोघांना एकाच रविवारी बोलावू नकोस, लोक बोलतील.

ता.क. चौथा. बोलाव.