आईची गाठ

दादा,

तू वर्षभर हेच सांगत फिरतोयस असं ऐकून होते, काल सभेत मागे बसून डोळ्यांनी पाहिलं. आईला मंचावर बसवून तू म्हणालास, "डॉक्टरांनी हात टेकले, पण प्रार्थनेनं गाठ विरघळली!" आईनं मान डोलावली. लोक रडले.

गाठ विरघळली नव्हती. ऑपरेशन करून काढली होती. माझ्याच प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाखाली मी तपासली, हे तुला पक्कं ठाऊक आहे.

सभा संपल्यावर आईला बाजूला घेऊन विचारलं, "तो धडधडीत खोटं बोलतो आणि तू मान डोलावतेस?"

ती म्हणाली, "वाचवलंस तू, बाई. पण भीती वाटते का, हे त्यानंच विचारलं. तू आलीस की नुसती रिपोर्टचं बोलायचीस."

आज एक बाई तपासणीला आली. तुझं ऐकून तिनं उपचार सोडले होते. गाठ फुप्फुसात पसरलीय. मी तिचा हात धरून विचारलं, "भीती वाटते का हो?"

"छे! महाराजांच्या आई नाही का बऱ्या झाल्या?"

मग खरं काय ते सांगावं लागलं. तू दिलेला धीर मोडायचं काम माझ्या वाट्याला आलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुझं टपाल आईच उघडते. तिच्या मान डोलावण्यानं काय झालं ते वाचून ती खचेल, आणि एका दिवसात दोघींना मोडायची माझ्यात ताकद नाही.

तुझी धाकटी