चोवीस इंची

प्रिय श्रीपती,

तुझी चिठ्ठी पोचली. मंठ्याचे तुझे होणारे सासरे रामकिसन लग्नात बावीस इंची सायकल देऊन राह्यले, अन् तू चोवीसचीच पायजे म्हणून अडून बसला. लेका, तुझी उंची बघता संगं शिडीबी मागून घे. तू कामाला जातो त्या जिनिंगातले लोक सायकल बघतील, वर बसलेला नवरदेव काही दिसायचा न्हाई.

हसले खरी, पर तेव्हापासून जीव थाऱ्यावर न्हाई. दूध उतू गेलं, दळण तसंच पडलंय. दोन डाव लिहिलेलं चुलीत घातलं.

उंच ती मजबूत, असं आपल्या धावडा गावात सगळेच म्हणतात. तुझा बापबी तसाच. लग्नात चोवीस इंची घेतली अन् उतरायला दरवेळी दगड शोधायचा! सायकली दुरुस्त करणाऱ्या कचरू मिस्त्रीनं त्याला ज्वारीचं धाट धरून दाखवल्तं. अख्खं धरलं की लवतं, वीतभर तोडलं की ताठ राहतं. फ्रेम मोठी तशा नळ्या लांब. रिकामी बराबर पळंल, पर मागं वजन आलं की पिळंल अन् शेपूट हलवंल. तुझा बाप म्हणला, कचऱ्या, तू बुटका म्हणून जळतो. सोता त्याच्यापेक्षा दोन बोटं कमीच!

तू चार वर्साचा होता. मागं सरकीचं पोतं होतं, उताराला सायकल डगमगली, बापाचा पाय भुईला पोचला न्हाई, डोकं दगडावर आपटलं अन् तो तिथंच गेला. गाव हेच सांगतं. मीबी तुला हेच सांगितलं.

पोतं न्हवतं, श्रीपती. मागं मी बसल्ते. येशीबाहेर गेलं की तो मला बसवून घ्यायचा. त्या दिवशी मीच खिजवलं, एवढी उंच सायकल अन् चाल गाभण म्हशीची? त्यानं जोर लावला. सायकल हलाया लागली, मला वाटलं मज्जा करून राह्यला. मी हसत होते. पोत्याचं तुझ्या आज्यानं सांगितलं, घराच्या अब्रूपायी. मी सोळा वर्सं गप बसले. व्याही जुम्याला, या शुक्रवारी सायकल घ्यायला जाणार, त्याच्या आधी जल्दी बावीसला हो म्हण. लग्न झालं की तू नवरीला, ताराला मागं बसवशील, मला ठाऊक हाये. बिलकुल बसव. पर पाय भुईला टेकला पायजे. अन् पोरगी हसरी हाये, खिजवंल. तिला गप करू नको.

खोटं बोललेली, तरी तुझीच,
आई