भिंतीतली गुणगुण

४ सप्टेंबर

मिळाली! जंगलाची गोष्ट शेवटी मलाच मिळाली. मागच्या महिन्यात प्रेशर कुकर कसा वापरावा ते हसऱ्या आवाजात वाचून दिलं होतं, त्यामुळे आज मी जरा हवेतच आहे. शंभर वर्षं जुनी भीतीकथा, लोक अजून वाचतात, आणि आता ती ऑडिओबुकमध्ये माझ्या आवाजात ऐकणार. महिनाअखेरीला पूर्ण करून द्यायची.

गोष्ट साधी आहे. जंगलाच्या कडेला घर, घरात बाप आणि त्याची लहान मुलगी. एका सकाळी कुंपणाच्या आत एक झाड उभं असतं, जे काल नव्हतं. बाप म्हणतो, असेल आधीपासून, आपलं लक्ष नसेल. संपलं. तिथून पुढे त्या माणसाचं काही खरं नाही.

चहा पिताना सासऱ्यांना सांगितली. म्हणाले, "झाडं चालत येतात? तिकीट काढतात का?" जन्मभर बस चालवली, दुसरं सुचणार काय.

६ सप्टेंबर

अडगळीच्या खोलीत पुन्हा रजया ठोकल्या. भिंतीला, दाराला, छतालासुद्धा. आत बसलं की उशीत तोंड खुपसल्यासारखं वाटतं, पण आवाज स्वच्छ रेकॉर्ड होतो. अडचण एकच – पलीकडची खोली बाबांची, म्हणजे सासऱ्यांची. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्या जगाला बहिरं समजून बोलतात. त्यांचं "रेडिओ, माझा चष्मा बघितलास?" आजवर निदान तीन पुस्तकांत गेलंय. (रेडिओ म्हणजे मी. लग्न होऊन आल्यापासून हेच नाव.) म्हणून आमचा करार आहे. दाराच्या मुठीला लाल रुमाल बांधला की घरात कुणी बोलायचं नाही. बाबा तो करार शाळेतल्या मुलासारखा पाळतात. रुमाल दिसला की तोंडावर बोट ठेवून, चपला हातात घेऊन जातात. नाटकी माणूस!

९ सप्टेंबर

स्टुडिओतल्या एडिटरबाईंचा निरोप. पहिलं प्रकरण सुंदर, पण सगळीकडे एक बारीक गुणगुण येतेय, फ्रीज बंद करून पुन्हा वाचा. फ्रीज बंद केला. पंखे, पंप, सगळं बंद केलं. नवऱ्याचा चार्जरसुद्धा काढला, त्यावरून त्याचं ऐकून घेतलं. पुन्हा वाचलं.

गुणगुण तशीच.

११ सप्टेंबर

काल मेन स्विचच बंद केला आणि बॅटरीवर रेकॉर्ड केलं. तरी आहे! कान भिंतीला लावला तर ऐकू येते. खोलवर कुणीतरी ओठ मिटून गातंय तशी. भिंतीला कान असतात हे माहीत होतं. आता तोंडही फुटलंय म्हणायचं.

गोष्टीत झाडं का येतात ते लेखक सांगत नाही. मी वाट बघत होते – शाप असेल, बापाने कधी झाड तोडलं असेल. काहीच नाही. चौथ्या प्रकरणात मुलगी विचारते, "त्यांना आपला राग आलाय का?" राग असता तर माफी मागता आली असती. त्यांना नुसती जागा हवीय. तिथे माणसं राहतात हा त्यांच्या लेखी मुद्दाच नाही.

१२ सप्टेंबर

कळलं. मधमाश्या आहेत.

सकाळी बाबा सहज म्हणाले, "थंडी सुरू झाली की उशाकडची भिंत बरी. हल्ली कोमट असते." कोमट! मी जाऊन हात लावला. खरंच, आजारी माणसाच्या कपाळासारखी. बाहेरून बघितलं तर बाबांच्या खिडकीखाली, जुन्या बंबाचा पाइप जायचा त्या भोकातून माश्यांची ये-जा चालू. भिंतीत तो पाइप काढल्यावर राहिलेली पोकळी आहे. किती महिने आत आहेत कोण जाणे. बाबा उशाशी पोळं घेऊन झोपत होते!

बाबांना माशी चालत नाही. माझ्या लग्नाआधी एकच चावली होती, तर गळा सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली. डॉक्टरांनी बजावलंय, पुढच्या वेळी इतकं नशीब असेलच असं नाही. इंजेक्शन घरात असतं, फ्रीजवरच्या डब्यात. त्यांची खाट तेव्हाच हॉलमध्ये आणून टाकली.

१३ सप्टेंबर

नवऱ्याचं म्हणणं, "इतके महिने काही झालं नाही ना? तू दिवसभर ती गोष्ट वाचतेस, म्हणून तुला सगळं तसं दिसतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस." वाईट नाही तो. वडिलांवर जीव आहे त्याचा. पण भीती वाटली की चेष्टा करतो. गोष्टीतला बापही मुलीला हसवत असतो, जंगल अंगणात येईपर्यंत. हे मी त्याला बोलले नाही. आधीच भांडण झालं होतं.

बाबा हॉलमध्ये रुसून बसलेत. "मला निर्वासित केलंत."

१५ सप्टेंबर

मधमाश्यांची पोळी काढणारा माणूस येऊन गेला. कमी बोलतो. भिंतीवर बोटं वाजवत वाजवत गेला, एका जागी थांबला, खडूने गोल काढला. चांगलाच मोठा. "भिंत उघडावी लागेल. पुढच्या आठवड्यात येतो, पेटी घेऊन. न मारता नेईन." निघताना चपला घालता घालता म्हणाला, "तोवर काही करू नका." मी म्हटलं, औषधबिवषध मारणार नाही. तो म्हणाला, "काहीच करू नका." आणि गेला.

काहीच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

१७ सप्टेंबर

संध्याकाळी दुकानातून आले तर नवरा शिडीवर, हातात थापी, तोंडावर माझी ओढणी! पाइपचं भोक सिमेंटने लिंपून टाकलं होतं. "काढणारा येईल तेव्हा येईल. निदान ये-जा तरी बंद. आणि तुला शांतता." मी घाबरले, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. चार दिवसांनी तो माझ्याशी नीट बोलत होता. काहीच करू नका म्हणाला होता, असं मी पुटपुटले. नवरा म्हणाला, "त्याचं पोट आहे त्यावर, तो असंच म्हणणार."

मी जास्त ताणलं नाही.

१८ सप्टेंबर

गुणगुण वाढलीय. वरच्या पट्टीत गेलीय.

२० सप्टेंबर

भिंत शांत झाली. नवरा म्हणतो, मेल्या असतील. बाबांनी आणि नवऱ्याने मिळून लगेच खाट परत नेली. मी अडवलं तर बाबा म्हणाले, "रेडिओ, हॉलमध्ये मला स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. माझी खोली मला दे." खडूचा गोल त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकला.

दुपारी त्यांच्या ट्यूबलाइटपाशी एक माशी दिसली. एकच. कागदाने मारली. खिडकीतून आली असेल. खिडकी बंद होती, पण आधी आली असेल.

आज सहावं प्रकरण वाचलं. बाप दारं-खिडक्या फळ्यांनी ठोकून बंद करतो. फट दिसेल तिथे चिंध्या कोंबतो. मुलीला म्हणतो, आता आपण सुरक्षित. मग चुलीची फरशी हलते. मुळं आधीच आत होती – त्याने फक्त त्यांची बाहेर जायची वाट बंद केली. हे वाक्य मला तीनदा वाचावं लागलं. आवाज लागेना.

२१ सप्टेंबर

हत्ती गेला, शेपूट राहिलं. आज शेवटचं प्रकरण. नवरा कामावर, बाबा जेवून पडलेत, घर शांत. बाबांच्या खोलीतल्या स्विचबोर्डातून बारीक करकर येतेय, वायर सैल असणार, संध्याकाळी नवऱ्याला दाखवते. बाबांना सांगून रुमाल बांधला. जाते आत.

२४ सप्टेंबर

बाबा गेले.

३० सप्टेंबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

पोळं काढणारा माणूस येऊन भिंत उघडून, माश्या घेऊन गेला. नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाहेरची वाट बंद झाली की त्या उजेडाकडे येतात. स्विचबोर्डातून, कुठूनही." त्याने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं नवऱ्याकडे बघून वाटलं.

एकवीसच्या दुपारी मी वाचत होते. जंगल घर गिळतं तो भाग, ओरडून वाचायचा. मजा येत होती. हो, मजा. बाहेर आले तेव्हा बाबांच्या दाराखालून माश्या सरपटत येत होत्या. दाराला आतून कडी. धक्के मारले, हाका मारल्या. शेजारच्यांनी दार तोडलं. ते दाराशीच होते, पाठ टेकून बसलेले. इंजेक्शन फ्रीजवर.

सगळे म्हणतात, म्हातारा माणूस, गोंधळले, बाहेर यायच्या ऐवजी कडीच लावून बसले. नवराही म्हणतो, शेवटी फार घाबरले असतील. मला दुसरंच खातंय. त्यांनी हाक का मारली नाही? त्यांची हाक रस्त्यापलीकडे जायची. मुठीला रुमाल होता, म्हणून? माझ्या एका रुमालासाठी ते गप्प राहिले?

रुमाल गॅसवर जाळला.

५ ऑक्टोबर

नवरा जेवताना ताटाकडे बघतो. मी म्हटलं, मीही तुला अडवलं नाही. तो उठून गेला.

८ ऑक्टोबर

शेवटच्या प्रकरणाचं रेकॉर्डिंग न ऐकता पाठवून दिलं. एडिटरबाईंना घरात कुणी गेलं एवढंच माहीत आहे. परत त्या खोलीत बसणं माझ्याच्याने होणार नाही.

ती गोष्ट लोक भीतीसाठी वाचतात. मला आता तिचा राग येतो. एवढं सगळं आधी सांगून ठेवलं होतं तिने, आणि मी नुसते उच्चार सांभाळत बसले.

११ ऑक्टोबर

एडिटरबाईंचा फोन. "शेवटाकडे तुमच्या आवाजाखाली कुणीतरी बोलतंय. खूप दबलेलं आहे, मी तो आवाज मोठा करून पाठवते. तेवढा परिच्छेद पुन्हा लागेल."

ऐकलं. भिंतीपलीकडून बाबा. शब्द तुटतात, पण गोंधळलेले नाहीत.

"रेडिओ, बाहेर येऊ नकोस. माझ्या अंगावर आहेत सगळ्या. मी कडी लावलीये, इकडून येणार नाहीत. तू दार उघडू नकोस, ऐकतेस का?"

नवऱ्याला बोलावून शेजारी बसवलं आणि पुन्हा लावलं.