भेगेवरची काच

४ मार्च

चि. इंजिनिअरसाहेबांस आत्याचे भरघोस आशीर्वाद.

काल नगरपालिकेची नोटीस आली. तीत माझ्या घराला 'मोडकळीस आलेले' म्हटलंय. म्हणजे नेमकं काय, ते साध्या भाषेत कळव. दार नीट लागतं, नळाला पाणी येतं. माझे गुडघे घरापेक्षा जास्त कुरकुरतात, त्यांना कुणी नोटीस दिली नाही.

तू खालच्या खोलीच्या भिंतीतल्या भेगेवर तारीख घालून चिकटवलेली काचेची पट्टी शाबूत आहे. भेग वाढली तर काच तडकेल, असं तूच म्हणाला होतास. इंजिनिअरच्या सहीचा अहवाल दिला तर नोटीस मागे घेतात म्हणे. तेवढा पाठव. खालची खोली एका जोडप्याने भाड्याने मागितली आहे. त्यांची मुलगी तान्ही आहे. घरात जरा आवाज होईल.

वेळेवर जेवत जा. आत्यावरचा लोभ कामाच्या रगाड्यात विसरू नकोस.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मोडकळीस आलेलं म्हणजे पडलेलं नव्हे. उभं आहे, पण कधी बसेल सांगता येत नाही, असं घर. चार महिने काच तडकली नाही, म्हणजे भेग जुनी आणि थांबलेली. मला सुट्टी मिळत नाही, म्हणून तुझ्या शब्दावर सोमवारी अहवाल पाठवतो. भाडेकरूंना खुशाल हो म्हण.

राग नाकावर ठेव, पण लोभही राहू दे.

तुझा भाचा

१४ मार्च

चि. बाळा, आशीर्वाद.

अहवाल पाठवू नकोस. काच तीनदा तडकली. दर वेळी मी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून तेवढीच पट्टी कापून आणली, सिमेंटने बसवली आणि तुझ्या अक्षरासारखी जुनी तारीख घातली. तुला शेंडी लावली, याची लाज वाटते.

पडलं तर माझ्या एकटीवर पडेल, असं मनाला समजावत होते. काल ती बाई खोली बघायला आली. पाळणा कुठे ठेवायचा ते तिने दाखवलं, बरोबर भेगेखाली. मी खोली द्यायची नाही म्हणून सांगितलं. ती बिचारी हिरमुसून गेली.

आता 'मोडकळीस आलेले' हा शब्द अहवालात तूच लिही. मला घर सोडायची फार भीती वाटते. म्हणून आधी मला न्यायला ये, मग लिही. दुसरं कुणी आलं तर मी दार उघडणार नाही.

रागावलास तरी ये.

तुझी आत्या