शिजल्यावर तोललेला पास्ता

धुळे, ७ जानेवारी २०२५

ती. भाऊस,

दीपमालाचा स. जयभीम. इकडे सर्व ठीक. तुझं डायलिसिस कसं चाललंय ते वहिनी कळवत नाही, आणि तू फोनवर नुसतं बरंय म्हणतोस. म्हणून पत्र. पोस्टात नोकरी करून एवढाही फायदा घेऊ नये का?

डॉक्टरांनी सांगितलं तसंच करतेय. आठ किलो उतरले की माझी किडनी तुला बसवायची तारीख देणार आहेत. चार उतरलेसुद्धा! आहारवाल्या बाईंनी विचारलं होतं, कशावाचून राहवणार नाही? मी लाजत पास्ता म्हटलं, तर म्हणाल्या, रात्री साठ ग्रॅम खा. काटा आणलाय. पण सासूबाईंना वेगळं रांधणं खपत नाही. बठ्ठासनं एकच भगोनामा शिजाले जोयजे, म्हणतात. वेगळं भांडं चढलं की घर फुटतं असा त्यांचा धाक. मग सगळ्यांचं शिजलं की माझं काट्यावर काढून घेते. आमची शिल्पा माझी वाटी बघून म्हणते, मांजराला वाढलंय का? उठताना डोळ्यांपुढे जरा अंधारी येते, पण वजन उतरतंय ना!

जिवाला जप, आणि मला दोन ओळी टाक.

तुझी,
दीपा

अमळनेर, १४ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हीस,

समाधानचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या वहिनीनेही वाचलं आणि दोघांचीही झोप उडाली. अगं, साठ ग्रॅम म्हणजे कोरडा पास्ता! शिजला की पाणी पिऊन तो दुपटीहून जड होतो. काउंटरवर आलेलं पार्सल जसंच्या तसं तोलायची सवय, ती घरीही चालवलीस? मला इथे दिवसाचं पाणी मोजून मिळतं, पाण्याला वजन असतं हे मला कुणी शिकवायला नको. भातही असाच तोलतेस का? तू निम्म्याहूनही कमी खातेयस, आणि अंधारी येते हे हसत लिहितेस!

बाईंना विचार आणि पोटाला खा. मी डायलिसिसनंतर थकतो, बाकी बरा आहे. हातावर सुई टोचतात ती जागा सुजलीय, पण वहिनीला वाटतं तेवढं काही नाही. जीवनरावांना जयभीम, शिल्पाला गोड पापा.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
भाऊ

धुळे, २३ जानेवारी २०२५

ती. भाऊस,

स. जयभीम. तुझंच खरं निघालं. भातही तसाच तोलत होते. बाईंनी कपाळाला हात लावला. सगळं कच्चंच तोलायचं म्हणाल्या. सासूबाईंनी ऐकलं आणि स्वतःच माझ्यासाठी छोटी पातेली काढून दिली.

पण भाऊ, पुरतं खाल्लं तर वजन सावकाश उतरणार, तारीख उन्हाळ्यापर्यंत जाणार. वहिनीनं ह्यांना फोनवर सांगितलंय की डॉक्टर फार लांबवू नका म्हणतात. म्हणून पातेलीत साठ ग्रॅम टाकते खरी, पण निम्मं हळूच शिल्पाच्या ताटात सारते. सोमवारी काउंटरवरच घेरी आली. शेजारच्या खिडकीवरच्या प्रमिलाबाईंनी धरलं म्हणून डोकं वाचलं. तपासलं तर रक्तही कमी भरलं.

मला भीती वाटते रे. खाल्लं तर वाटतं, घासागणिक तुझा एकेक दिवस खातेय. नाही खाल्लं तर डॉक्टर मलाच नको म्हणतील. काय करू? वहिनीला सांगू नकोस, आणि रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
दीपा

अमळनेर, २९ जानेवारी २०२५

चि. सौ. दीपमाला हीस,

अनेक आशीर्वाद. रागावलो आहेच. आधी एक पत्र लिहिलं होतं, की मला तुझी किडनी नको, तसं डॉक्टरांना कळवतो. ते फाडलं, कारण ते खोटं होतं. मला ती हवी आहे, दीपा. मला जगायचं आहे. हे तुझ्या वहिनीलाही मी असं उघड कधी बोललो नाही. पण तुला उपाशी ठेवून नको.

काल डॉक्टरांना स्पष्टच विचारलं. सूज उतरतेय. उन्हाळ्यापर्यंत निभेल का विचारलं, तर म्हणाले, निभायला हवं. निभेल असं काही म्हणाले नाहीत. तुझ्यापासून लपवत नाही. भीती मलाही वाटते.

घासागणिक माझा एकेक दिवस खातेस म्हणतेस ना? असू दे. तो दिवस मीच माझ्या हातानं तुझ्या ताटात वाढलाय असं समज. भावानं वाढलेलं पानात टाकू नये, दुसऱ्याच्या ताटात सारूही नये. जेव.

तुझा,
भाऊ